काटा, खटका आणि काच : स्पोर्ट्स कारच्या अंतरंगाचा इतिहास

मागल्या पावसाळ्यात भाच्याच्या नव्या मोटारीतून ताम्हिणी घाट उतरत होतो. बाहेर पाऊस आणि धुके. आत आम्हा चौघांच्या श्वासाने समोरची काच धुरकटू लागलेली. "मामा, तो काचेवरचा वारा जरा लावा ना, मला रस्त्यावरून नजर काढता येत नाही," भाचा म्हणाला. डॅशबोर्डच्या मधोमध पाटीएवढा पडदा होता. त्यावरचे एक चित्र मी दाबले तर गाणी लागली. दुसरे दाबले तर कसलीशी सूचना आली आणि तिला होकार दिल्याशिवाय पुढे जाता येईना. तेवढ्यात वळण आले आणि बोट भलतीकडेच घसरले. शेवटी भाच्याने गाडी कडेला घेतली, स्वतः दोनदा बोट टेकवले आणि काच निवळली. माझ्या जुन्या गाडीत याच कामासाठी एक गोल बटण होते. ते नेमके कुठे होते हे मला आज सांगता येणार नाही. पण माझ्या हाताला ते ठाऊक होते.

हे 'हाताला ठाऊक असणे' म्हणजे काय, आणि ते आपल्या वाहनांतून कसे व का नाहीसे होत गेले, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी उदाहरण मात्र मी स्पोर्ट्स कारचे घेणार आहे. मराठीच्या प्राध्यापकाने फेरारी-पोर्शविषयी लिहावे हे काहींना विनोदी वाटेल. आयुष्यात मी अशा गाडीत बसलेलो नाही आणि बसण्याची शक्यताही नाही. तरीही ही निवड हेतुपूर्वक आहे. सामान आणि माणसे वाहून नेणे हे इतर वाहनांचे प्रयोजन असते; स्पोर्ट्स कारचे प्रयोजन मात्र चालवण्याची क्रिया हेच असते. काव्यात भाषा जशी निरोपापुरती उरत नाही, तसेच हे. म्हणून चालकाचा हात आणि यंत्र यांच्या नात्यात काय बदल झाले, हे या गाड्यांच्या अंतरंगात जितके स्वच्छ दिसते तितके अन्यत्र दिसत नाही.

'डॅशबोर्ड' हा शब्द मोटारीपेक्षा जुना आहे. घोडागाडीत घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून समोर लावलेली फळी, हा त्याचा मूळ अर्थ. घोडे गेले, फळी राहिली आणि तिच्यावर तबकड्या चढल्या. वस्तूंच्या जगातही शब्दांप्रमाणेच जुने अवशेष टिकून राहतात, याचे हे पहिले उदाहरण.

दुसरे उदाहरण पोर्शच्या किल्लीचे. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात मांडलेली आणि पुढे '९११' या नावाने प्रसिद्ध झालेली ही गाडी सुरू करण्याची किल्ली स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला असे. फ्रान्समधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्या काळी चालक रस्त्याच्या एका कडेला उभे राहत. इशारा होताच धावत जाऊन गाडीत उडी घेत आणि निघत. डाव्या हाताने किल्ली फिरवताना उजव्या हाताने गिअर टाकता यावा म्हणून किल्ली डावीकडे, अशी या रचनेची परंपरागत उपपत्ती सांगितली जाते. ती शंभर टक्के खरी की पुढे घट्ट झालेली दंतकथा, या वादात न शिरताही एक गोष्ट निश्चित आहे : धावत जाऊन सुरुवात करण्याची ती पद्धत १९६९ नंतर बंद झाली. त्या वर्षी जॅकी इक्स या चालकाने निषेध म्हणून धावण्यास नकार दिला. तो सावकाश चालत गाडीपाशी गेला, पट्टा नीट बांधला, सर्वांच्या मागून निघाला आणि चोवीस तासांनी शर्यत जिंकला. त्याच शर्यतीच्या पहिल्याच फेरीत जॉन वुल्फ हा चालक पट्टा न बांधल्यामुळे गाडीबाहेर फेकला जाऊन मरण पावला होता. १९७० पासून चालक पट्ट्यांनी बांधलेल्या स्थितीतच शर्यत सुरू करू लागले.

पद्धत गेली; किल्ली मात्र डावीकडेच राहिली. मराठीत अनुच्चारित अनुस्वारांचे असेच होते. ते उच्चारातून केव्हाच गेले होते, तरी लेखनात टिकून होते. १९६२ च्या नियमांनी ते काढून टाकले. पोर्शने आपला अनुस्वार काढला नाही. २०२४ च्या आवृत्तीत फिरवायच्या किल्लीची जागा दाबायच्या बटणाने घेतली. पण तेही स्टिअरिंगच्या डावीकडेच आहे. अर्थ हरवलेल्या खुणेलाच आपण अनेकदा परंपरा म्हणतो.

आता तबकड्यांकडे वळू. ९११ मध्ये चालकासमोर पाच गोल तबकड्या एका ओळीत असत आणि त्यांतली मधली, सर्वांत मोठी, वेगाची नसून इंजिनच्या फेऱ्यांची असे. हा क्रम विचारपूर्वक ठरवलेला होता. गाडी किती वेगाने चालली आहे हे कायद्याला हवे असते. इंजिनचा जोर कुठवर आला आहे आणि गिअर केव्हा बदलायचा हे चालकाला हवे असते. शर्यतीतल्या कित्येक गाड्यांत तर ही तबकडी मुद्दाम फिरवून बसवलेली दिसते. धोक्याची लाल रेषा बरोबर माथ्यावर यावी, म्हणजे काटा उभा झाला की वेळ झाली. चालक तिथे आकडा वाचतच नाही. डोळ्याच्या कडेने तो काट्याची 'मुद्रा' पाहतो. शिवाय काटा केवळ स्थिती सांगत नाही, गतीही सांगतो : तो हळू चढतो आहे की झेपावतो आहे हेही दिसते. आकडा सुटा असतो. काट्याला मात्र मागचे-पुढचे असते.

येथवर वाचून हा लेख जुन्या गाड्यांच्या गौरवाचा आहे असा समज होण्याचा संभव आहे. म्हणून लगेच जग्वारचे उदाहरण घेतो. १९६१ च्या मार्च महिन्यात जिनिव्हात जग्वारची 'ई-टाइप' प्रथम दिसली. तिच्या डॅशबोर्डवर विमानाच्या कॉकपिटमध्ये असावी तशी बाहेर आलेल्या धातूच्या खटक्यांची रांग होती. वर-खाली होणारा प्रत्येक खटका आपली स्थिती बोटाला सांगे. आजही या गाडीचे चाहते त्या खटक्यांच्या आवाजाविषयी भावविवश होऊन बोलतात. पण अपघातात समोर आदळणाऱ्या माणसासाठी तेच खटके खिळ्यांसारखे होते. राल्फ नेडर यांच्या १९६५ सालच्या 'अनसेफ ॲट एनी स्पीड' या पुस्तकाने अमेरिकेत हाच प्रश्न ऐरणीवर आणला. गाडी कशावर आदळते हा पहिला अपघात. आतला माणूस गाडीच्याच अंतर्भागावर आदळतो तो दुसरा, आणि पुष्कळदा जीवघेणा ठरतो तो दुसराच. १९६६ मध्ये अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा झाला, १९६८ पासून त्याखालील मानके लागू झाली आणि ई-टाइपचे ते देखणे खटके जाऊन त्यांच्या जागी सपाट, दोन्ही टोकांनी दाबायची बटणे आली. सौंदर्य कमी झाले. माणसे वाचण्याची शक्यता वाढली. हा व्यवहार योग्यच होता. जुने ते सोने म्हणणाऱ्याने हा प्रसंग विसरता कामा नये.

तिसरी गोष्ट गिअरची. जुन्या फेरारीत गिअरच्या दांड्याखाली चकचकीत धातूची पट्टी असे आणि तिच्यात खाचा असत. दांडा एका खाचेतून दुसऱ्या खाचेत नेताना धातूवर धातू आदळल्याचा टणत्कार होई. १९८९ मध्ये फेरारीने जॉन बर्नार्ड यांनी रचलेली '६४०' ही शर्यतीची गाडी आणली; तिच्यात गिअर बदलण्यासाठी स्टिअरिंगच्या मागे दोन पाती होती. चालकाला चाकावरून हात काढायची गरज उरली नाही. ब्राझीलमधील पहिल्याच शर्यतीत नायजेल मॅन्सेल त्या गाडीतून जिंकला. १९९७ मध्ये 'एफ ३५५' या गाडीतून ही पाती साध्या रस्त्यावर आली. २००२ च्या 'एन्झो'त दांडा नव्हताच. २००४ च्या 'एफ ४३०'मध्ये चाकावरच गाडीचा स्वभाव बदलणारी एक लहान फिरकी आली आणि २००९ च्या '४५८ इटालिया'त तर वळणाचे दिवे लावण्याची सोयही चाकावर सरकली. या सर्व बदलांमागचे तत्त्व निर्विवाद होते : हात चाकावर राहावेत, डोळे रस्त्यावर. काहीतरी गमावले, हे खरे. पण जे मिळाले ते चालण्याच्या क्रियेशी सुसंगत होते.

म्हणजे इथपर्यंतचे बदल कारणासहित होते. काट्याला कारण होते, खटके काढण्याला कारण होते, पात्यांना कारण होते. मग काच आली ती कोणत्या कारणाने?

ती एकदाच आली असेही नाही. १९७६ साली ॲस्टन मार्टिनने 'लगोंडा' ही चार दारांची गाडी लंडनच्या प्रदर्शनात मांडली. तिच्यात काट्यांऐवजी प्रकाशमान आकडे आणि नेहमीच्या बटणांऐवजी नुसत्या स्पर्शाने चालणारी बटणे होती. ग्राहकांच्या हाती ती पडायला १९७९ साल उजाडले आणि तिच्या इलेक्ट्रॉनिक अंतरंगाची तक्रार पुढे कधी थांबली नाही. १९८४ च्या आवृत्तीची अमेरिकन 'कॉर्व्हेट' हे आणखी ठळक उदाहरण. अस्सल स्पोर्ट्स कार. पण चालकासमोर रंगीत आकड्यांचा पट. हे भविष्य आहे असे तेव्हा सर्वांना वाटले. भर उन्हात मात्र ते भविष्य नीट वाचता येईना. १९९० च्या आवृत्तीत काट्यांच्या तबकड्या परतल्या. आकडा राहिला तो फक्त वेगापुरता. काचेची पहिली लाट अशी सहा वर्षांत ओसरली.

दुसरी लाट ओसरली नाही, कारण तिच्यामागचे बळ वेगळे होते. २०१२ मध्ये टेस्लाच्या 'मॉडेल एस'मध्ये सतरा इंची पडदा आला आणि बटणे जवळजवळ नाहीशी झाली. खिशातल्या फोनने तोवर लोकांची बोटे काचेला सरावली होती. त्याहून महत्त्वाचे कारण आर्थिक होते. प्रत्येक बटणाला साचा लागतो, तार लागते, जागा लागते आणि गाडी विकल्यावर ते बदलता येत नाही. पडदा एकदा बसवला की त्यात कितीही कामे कोंबता येतात आणि पुढे सॉफ्टवेअर बदलून आणखीही. सोय निर्मात्याची, विकली गेली ती ग्राहकाची प्रगती म्हणून.

फेरारीचाही तोल येथेच गेला. २०१९ च्या 'एसएफ ९०'मध्ये चाकावरची खरी बटणे जाऊन त्यांच्या जागी स्पर्शाला प्रतिसाद देणारे गुळगुळीत पृष्ठ आले. हात चाकावर राहिले. पण गुळगुळीत पृष्ठावर कुठे बोट टेकायचे हे पाहण्यासाठी डोळ्यांना खाली यावे लागले. ज्या तत्त्वासाठी तीस वर्षे बटणे चाकाकडे सरकत आली, तेच तत्त्व बटणे पुसून टाकल्याने मोडले. ग्राहकांनी कुरकुर केली, समीक्षकांनी टीका केली आणि २०२५ मध्ये 'अमाल्फी' या गाडीत फेरारीने दाबली जाणारी बटणे चाकावर परत आणली.

हाताला वस्तू कशी ओळखू येते, याचा अभ्यास खरे तर दुसऱ्या महायुद्धातच झाला होता. अमेरिकेचे 'बी-१७' विमान धावपट्टीवर उतरल्यावर काही वैमानिक पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चाकेच आत घेत आणि विमान पोटावर आपटे. वैमानिक निष्काळजी आहेत असे म्हणणे सोपे होते. ॲल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने मात्र पाहिले की दोन्ही खटके शेजारी आणि एकसारखे आहेत. त्याने चाकांच्या दांड्याला चाकाच्या आकाराची आणि झडपांच्या दांड्याला पाचरीच्या आकाराची मूठ सुचवली, आणि या चुका थांबल्या. म्हणजे आकार ही हाताची लिपी आहे. गुळगुळीत काच हा हाताच्या दृष्टीने कोरा कागद आहे. त्यावर काय लिहिले आहे ते फक्त डोळ्यांना कळते.

आणि डोळ्यांची किंमत मोजता येते. स्वीडनमधील 'वी बिलेगारे' या मोटारविषयक नियतकालिकाने २०२२ साली एक साधी चाचणी घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना तापमान वाढवणे, रेडिओचे केंद्र बदलणे यांसारखी काही नेमून दिलेली कामे चालकाने करायची. २००५ सालच्या बटणवाल्या व्होल्वोत ती १० सेकंदांत झाली. तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सर्वांत मागे पडलेल्या नव्या गाडीत त्याच कामांना ४४.९ सेकंद लागले. अंतर १,३७२ मीटर. सव्वा किलोमीटरहून अधिक रस्ता, अर्धवट लक्षाने.

रस्ताच कशाला? २०१७ च्या ऑगस्टमध्ये सिंगापूरजवळ 'जॉन एस. मॅकेन' ही अमेरिकन युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळून १० नौसैनिक दगावले. सुकाणू आणि गती यांचे नियंत्रण एका टचस्क्रीनवरून दुसऱ्यावर देताना उडालेला गोंधळ चौकशीत पुढे आला. २०१९ मध्ये नौदलाने आपल्या विनाशिकांवर हाताने ढकलायचे दांडे परत बसवण्याचे जाहीर केले.

या सर्वांवर एक प्रामाणिक आक्षेप घेता येतो. पडद्याने काहीच दिले नाही का? दिले आहे. नकाशा पडद्यावरच शोभतो. मागे लहान मूल उभे आहे का हे दाखवणारा कॅमेरा पडद्याशिवाय निरुपयोगी. तेव्हा भेद जुने आणि नवे असा नाही. वाचायच्या गोष्टी आणि करायच्या गोष्टी यांत तो आहे. वाचायचे ते काचेवर असावे; करायचे ते हाताखाली. जपानच्या माझ्दा कंपनीने १९८९ च्या 'एमएक्स-५' या छोट्या स्पोर्ट्स कारमागचा विचार घोडा आणि स्वार एकरूप होण्याच्या जपानी संकल्पनेतून मांडला होता. आपल्याकडे त्यासाठी 'पक्की मांड' हा नेमका शब्द आहे. मांड पक्की असलेला स्वार लगामाकडे पाहत नाही.

खरा चिंतेचा मुद्दा पुढेच आहे. २०२० मध्ये गॉर्डन मरे यांनी 'टी.५०' ही गाडी सादर केली : चालकाचे आसन मधोमध, समोर काट्याची तबकडी, हाताचा गिअर, फिरवायची बटणे, टचस्क्रीन नाही. किंमत कर वगळून २३.६ लाख पौंड आणि गाड्या फक्त १००. २०२४ मध्ये बुगाटीने 'तूरबियों' आणली. नाव घड्याळ्यांच्या परिभाषेतले. तबकड्या स्विस घड्याळजींनी सहाशेहून अधिक सुट्या भागांतून घडवलेल्या, त्यांत नीलम आणि माणिकही. चाक फिरते, तबकड्या स्थिर राहतात. पडदा आहे, पण तो लपलेला. हवा तेव्हाच वर येतो. किंमत ३८ लाख युरोंपासून पुढे, गाड्या २५०. 'पडदे जुने होतात, काटे होत नाहीत' असा या मांडणीचा आशय आहे, आणि तो खोटा नाही. पण त्याचा सामाजिक अर्थ पाहा. १९७६ मध्ये काच हे श्रीमंतीचे लक्षण होते आणि काटा सामान्यांचा. आज काच स्वस्त झाली म्हणून सामान्यांच्या वाट्याला आली आणि काटा, खटका, बोटाला जाणवणारी 'टक्' ही चैन झाली. हातमागाच्या कापडाचे आपल्याकडे जे झाले तेच हे.

हा प्रश्न आपल्यापासून फार दूरही नाही. जग्वार २००८ पासून मुंबईच्या टाटा समूहाकडे आहे. सहा दशके फेरारीची रूपे रेखाटणारी पिनिनफरीना ही इटालियन संस्था विकत घेण्याचा करार महिंद्र समूहाने २०१५ साली केला. ई-टाइपच्या खटक्यांचा आणि फेरारीच्या वळणदार रेषांचा वारसा कागदोपत्री तरी आता मुंबईत आहे. त्यातून काय घ्यायचे याचा विचार घाटात धुक्यातून गाडी काढणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून व्हावा, इतकीच अपेक्षा.

युरोपात एक पाऊल पडले आहे. वाहनांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या 'युरो एनकॅप' या संस्थेने २०२६ पासून वळणाचे दिवे, धोक्याचे दिवे, भोंगा, वायपर आणि आपत्कालीन मदतीची हाक या पाच गोष्टींसाठी खरी, हाताला लागणारी नियंत्रणे असण्याला गुणांकनात महत्त्व दिले आहे. हा कायदा नव्हे. पण तारा गेलेली गाडी विकणे कठीण असते. नेडर यांच्या काळात सुरक्षेच्या आग्रहाने खटके काढले गेले. आज त्याच आग्रहाने बटणे परत येऊ पाहत आहेत. इतिहास उलटला असे कुणी म्हणेल. मला तो सुसंगत वाटतो : दोन्ही वेळी प्रश्न एकच होता, आणि तो शोभेचा नव्हता.

त्या पाचांत काचेवरच्या वाऱ्याचा समावेश नाही. आमच्या घाटांत पाऊस चार महिने असतो. यादी आपण केली असती तर ते बटण तिच्यात पहिले असते.